मलावीत नेतृत्व-शिबिर घ्यायचंय? आधी चाव्या कोणाकडे आहेत ते बघा

प्रश्न सोलापूरकडच्या एका तरुण पाळकांचा आहे. त्यांच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागातल्या एका मंडळीशी नातं जुळलंय. येत्या जानेवारीत इथून सहा जणांनी जायचं, तिथल्या चाळीस पाळकांना बोलावून पाच दिवसांचं ख्रिस्ती नेतृत्वाचं शिबिर घ्यायचं आणि त्यातून गावांच्या विकासाला सुरुवात व्हावी, असा त्यांचा बेत आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. अभ्यासक्रम कोणता न्यावा, माणशी भत्ता किती द्यावा, आणि प्रमाणपत्रं इथूनच छापून न्यावीत का.

मी मूळची नगरची, शिक्षणाने नर्स. झोंबा आणि फालोम्बे या दोन जिल्ह्यांत मंडळ्यांबरोबर अकरा वर्षं काम केलं. त्यामुळे आडवळणं न घेता सांगते. जानेवारीत जाऊ नका. चाळीस पाळक गोळा करू नका. भत्ता देऊ नका. प्रमाणपत्रांचं शेवटी बघू.

जानेवारीचं आधी. तिथे पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. बहुतेकांची जमीन हेक्टरभराच्या आत, सगळी पावसावर, आणि पीक म्हणजे मका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला न्सिमा म्हणतात. तो पोटात गेला नाही तर माणूस ‘आज जेवलोच नाही’ असं सांगतो, मग भले चार रताळी खाल्ली असोत. आपल्याकडे भाकरीचं तेच. एप्रिल-मेमध्ये कणगीत पडलेला मका गरिबाघरी डिसेंबरपर्यंत संपतो, आणि नवी कणसं हाताशी यायला फेब्रुवारी उजाडतो. मधले दिवस आंब्यांवर, मक्याच्या कोंड्यावर आणि गान्यूवर काढायचे. गान्यू म्हणजे दुसऱ्याच्या रानात उक्ती मजुरी : एवढे वरंबे ओढून दे, एवढं पीठ घेऊन जा. स्वतःच्या मक्याला खुरपणीची निकड असते नेमक्या त्याच दिवसांत माणूस दुसऱ्याच्या शेतात राबतो. त्याचं रान तणात जातं, आणि पुढच्या वर्षीही त्याची कणगी डिसेंबरातच तळ दाखवते. तुमच्या शिबिराला जानेवारीत दोनच प्रकारची माणसं येतील. ज्यांच्या घरी मका आहे ती, आणि ज्यांना तुमच्या दुपारच्या जेवणाची गरज आहे ती. दुसऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण ज्यांच्यासाठी तुम्ही जाताय ती माणसं कोणाच्या तरी शेतात वाकलेली असतील.

जून ते ऑगस्ट जा. मका घरात आलेला असतो, लोकांना बसायला वेळ असतो. स्वेटर न्या. आफ्रिका म्हणून सुती कपडे भरून आलेले पाहुणे मी कुडकुडताना पाहिलेत. जून-जुलैत चिपेरोनी नावाचं गार धुकं आणि झिमझिम दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते.

आता पाळक. चिचेवा भाषेत पाळकाला ‘अबुसा’ म्हणतात. मूळ अर्थ गुरं-मेंढरं राखणारा, म्हणजे आपल्या ‘पाळक’ शब्दाचा सख्खा भाऊ. रूप अनेकवचनी आहे, कारण मान द्यायचा तर तिथेही मराठीसारखं अनेकवचनच वापरतात. ज्या अबुसांबरोबर मी पहिली चार वर्षं काम केलं त्यांच्याकडे एक मुख्य चर्च आणि चौदा प्रार्थनाघरं होती. आधी सायकल होती, मग मोटरसायकल आली, आणि मोटरसायकलला पेट्रोल मिळेल तेव्हा. एका प्रार्थनाघराची पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. ते आले की प्रभुभोजन, बाप्तिस्मे, राहिलेली भांडणं, सगळं एकाच दिवसात उरकायचं. बाकीच्या रविवारी प्रार्थनाघर चालवायचे ते मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, आणि ‘म्वानो’, म्हणजे बायकांची संघटना. चार वर्षांनी त्या अबुसांची बदली झाली. आम्ही त्यांना दिलेलं सगळं प्रशिक्षण त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. प्रार्थनाघरं जागच्या जागी राहिली.

मलावीत ख्रिस्ती नेतृत्व घडवण्याचं काम नवं नाही, हेही लक्षात असू द्या. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी लिव्हिंग्स्टोनिया मिशन १८७५ मध्ये सुरू केलं, ब्लांटायर मिशन १८७६ मध्ये. ब्लांटायरचं सेंट मायकेल चर्च १८८८ ते १८९१ या काळात उभं राहिलं. ते बांधून घेणारे डेव्हिड क्लेमेंट स्कॉट हे मिशनरी काही शिकलेले वास्तुशिल्पी नव्हते, आणि ज्यांनी विटा पाडल्या, भाजल्या, कमानी बांधल्या ते स्थानिक लोक ते काम करता करताच शिकले. आजही ती इमारत बघताना मान वर करावी लागते. त्याच मिशनने पहिल्या आफ्रिकी पाळकांना दीक्षा दिली १९११ मध्ये. लिव्हिंग्स्टोनियात त्यासाठी १९१४ उजाडलं. विटकामात तीन वर्षांत विश्वास बसला, व्यासपीठासाठी पस्तीस-चाळीस वर्षं थांबवलं. लिव्हिंग्स्टोनिया आणि ब्लांटायर मिळून १९२४ मध्ये चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन झालं, नंतर न्खोमाची मंडळीही त्यात आली. तेव्हा तुम्ही ज्यांना ‘नेतृत्व’ शिकवायला जाताय त्यांच्या आजोबा-पणजोबांनी या विषयावर बराच विचार केलेला आहे. २०१८ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक ख्रिस्ती. महाराष्ट्रातल्या मूठभर ख्रिस्ती समाजातून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथे थोडं खालच्या पट्टीतच बोलावं.

भत्त्याची चूक मी स्वतः केलेली आहे. पैसा जिथून येत होता तिथल्या फॉर्मात ‘प्रशिक्षणार्थींचा भत्ता’ असा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवण्याची आमची छाती नव्हती. पहिल्या वर्षी तीन शिबिरं झाली : एक शेतीचं, एक एचआयव्हीचं, एक मंडळीच्या कारभाराचं. तिसऱ्या शिबिरात हजेरी घेताना लक्षात आलं, अठरा तोंडं तिन्ही वेळा तीच. त्यातल्या एका गृहस्थांना मी जरा टोचूनच विचारलं, तुम्हाला सगळ्याच विषयांत गोडी दिसते. ते शांतपणे म्हणाले, “सिस्टर, हे माझं गान्यू आहे.” त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आम्हीच मजुरी देत होतो, ते मजुरीला येत होते. दोन वर्षांनी पैसा आटला, तेव्हा पुढच्या बैठकीला चार जण आले. त्यातले दोघे पैसा पुन्हा कधी सुरू होणार हे विचारायला.

मग काय करायचं? लांबून येणाऱ्याचं मिनीबसचं खरं भाडं द्या. जेवण गावाला करू द्या. प्रत्येक घरातून एक परात पीठ येतं, म्वानोच्या बायका पाळीने रांधतात, तुम्ही फार तर मीठ, तेल आणि सुकी मासळी आणायची. ‘ते गरीब आहेत, त्यांच्याकडून पीठ कसं घ्यायचं’ असं तुमच्या चमूतलं कोणीतरी नक्की म्हणेल. त्यांना एखाद्या मयतीला घेऊन जा.

मीही तिथेच शिकले. दुसऱ्या वर्षीचा जून. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रार्थनाघरात मी, फळा आणि एक कोंबडी. रात्री पलीकडच्या वस्तीत कोणीतरी वारलं होतं. मी वैतागत, घड्याळ बघत तिकडे गेले. रस्त्यावर बायकांची रांग होती. कंबरेला चितेंजे (लांब कापड) गुंडाळलेली, डोक्यावर पिठाची परात नाहीतर सरपणाची मोळी, बोलणं जवळजवळ नाही. पुरुष बाहेर झाडाखाली, बायका आत प्रेताजवळ गात बसलेल्या. कबर खणणारी ठरलेली मंडळी केव्हाच कामाला लागली होती. एक जण वहीत लिहीत होता, कोणाकडून किती पीठ, किती क्वाचा (तिथलं चलन). त्या वहीत ज्याचं नाव सारखं गळतं त्याच्या दारच्या मयतीला पुढे माणसं येत नाहीत. एवढ्या दीडशे-दोनशे माणसांचं पाणी, चूल, हंडे, पाहुण्यांची झोपण्याची सोय, मुख्य रस्त्यावर मिनीबस थांबवायला पोरगं पाठवणं, हे सगळं एक पन्नाशीची बाई बघत होती. आवाज चढवत नव्हती. नुसती मान वळवली की दोघी उठत होत्या. आदल्या दिवशी ती माझ्या वर्गात शेवटच्या चटईवर बसली होती, आणि माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘निरक्षर, बोलत नाही.’

तो हजेरीपट मी अजून जपून ठेवलाय. तिला मी पुढे ‘आमायी’ म्हणजे आई म्हणायला लागले, तसंच इथेही म्हणते.

बायकांचं एवढ्यावर संपत नाही, कारण दक्षिण आणि मध्य मलावीत बहुतेक ठिकाणी जमीन आईकडून लेकीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. त्या गावात तो ‘म्काम्वीनी’, म्हणजे घरजावईच. बहिणी आणि त्यांची लेकरं मिळून ‘म्बुम्बा’, आणि त्यांच्या वतीने बोलणारा असतो मामा किंवा थोरला भाऊ. आता बघा, मंडळीचे वडील म्हणून तुमच्यापुढे बसलेला माणूस रविवारी सुंदर उपदेश करतो, पण तो या गावचा जावई आहे. बायको गेली तर त्याला उद्या आपल्या आईच्या गावी परतावं लागेल. हे न कळल्यामुळे आम्ही एक वर्ष वडीलमंडळींना आंब्याची कलमं आणि पेरू वाटले. तीन वर्षांनी मोजायला गेलो तर जगलेली झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काही वर्षांनी फळ देणारं झाड, जिथून उद्या उठवलं जाऊ शकतं तिथे कोण पाणी घालून वाढवेल? पुढच्या वर्षी तीच रोपं आम्ही त्यांच्या बायकांच्या हातात दिली, त्यांच्या भावांच्या देखत. भावांना वगळून चालत नाही. जमीन बाईची असली तरी जमिनीबद्दल बोलणारं तोंड बहुधा भावाचं असतं, त्यामुळे ‘मातृवंशीय समाज म्हणजे बायकांचं राज्य’ असला रोमँटिक समज विमानतळावरच सोडा.

उत्तरेत हे सगळं उलटं आहे. तिथे वंश बापाकडून, लग्नात मुलीकडच्यांना गुरं किंवा पैसे द्यायची रीत. एक्वेंदेनीच्या मिशन हॉस्पिटलमध्ये २००० च्या सुमारास कुपोषित मुलं बरी होऊन घरी जायची आणि पुन्हा दाखल व्हायची. एस्थर लुपाफ्या या तिथल्या परिचारिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यातून मोर्चा शेताकडे वळवला. मक्याबरोबर भुईमूग, तूर, सोयाबीन, पाला जमिनीत गाडणं, शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून एकमेकांना दाखवणं. पण पीक वाढलं म्हणून मुलाच्या ताटात पडेलच असं नाही, हे त्यांना दिसलं, आणि मग त्यांनी पाककृतींचे दिवस भरवले. त्यात पुरुषांनाही चुलीपाशी बसवलं. आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे केलं, गावातलीच बाई निवडून तिलाच आरोग्याची जाणकार करणं, त्याच जातीचं हे काम. तुमच्या सहा जणांना आधी जामखेडला दोन दिवस पाठवलंत तर विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त फायदा होईल.

अभ्यासक्रमाचं विचारलंत. तर पहिला धडा मी हातपंपावर घेते.

तुम्ही सोलापूरचे, म्हणून सांगायला मजा वाटते. भारतभर दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप आहे ना, त्याचं मूळ जालना आणि सोलापूर इथल्या मिशनवाल्यांनी दुष्काळी भागासाठी बनवलेल्या पंपांत आहे. मलावीत तुम्हाला दिसेल तो आफ्रिदेव. त्याची कल्पनाच अशी की गावाला तो स्वतः उघडता यावा. एकच पाना पुरतो, आतल्या सळ्या एकमेकींत आकड्याने अडकवलेल्या, झिजणारे भाग म्हणजे रबरी सील आणि प्लॅस्टिकचे बुश. आमच्या एका प्रार्थनाघराजवळचा पंप सात महिने बंद होता. पाणी समिती होती, तिचा अध्यक्ष होता, त्याने दोन प्रशिक्षणं घेतलेली होती. पानाही होता, अध्यक्षाच्या घरी कुलपात. अध्यक्ष कामासाठी ब्लांटायर शहरात, चावी त्याच्याबरोबर. बायका रोज ओढ्यावर जात होत्या.

त्या दिवशी मी बायबल उघडलंच नाही. सगळ्यांना पंपापाशी बसवलं आणि विचारलं, पाना कोणाकडे असायला हवा? दीड तास चर्चा झाली. कोणाच्या घरी माणूस कायम असतं, कोणाला रात्री उठवता येतं, कोण नाही म्हणणार नाही, कोण पाना विकणार नाही. शेवटी नाव निघालं आमायीचं. दुसऱ्या दिवशी म्वानोच्या दोघींनी वरचं झाकण काढलं, सळ्या एकेक करून ओढल्या, तळातून एक चिरलेलं सील निघालं, अंगठीएवढं. त्याच्यासाठी सात महिने! नेतृत्व म्हणजे काय हे मला त्यानंतर फळ्यावर लिहावं लागलं नाही.

दुसरा धडा बचतीचा. तिथे त्याला ‘बांकी म्खोंडे’ म्हणतात, व्हरांड्यातली बँक. तुम्हाला बचत गट माहीत आहेत, भिशी माहीत आहे. हे दोन्हींच्या मधलं. पंधरा-वीस बायका दर आठवड्याला शेअर घेतात, त्यातून एकमेकींना कर्ज देतात, व्याज गटातच फिरतं, आणि वर्ष संपलं की सगळे पैसे वाटून घेऊन पेटी रिकामी करतात. पेटी पत्र्याची, तिला तीन कुलपं. तीन चाव्या तिघींकडे, आणि पेटी चौथीच्या घरी. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. आमायीला लिहिता येत नव्हतं, पण कोणाचे किती शेअर, कोणाचा किती दंड, हे तिला तोंडपाठ. वहीत चूक झाली की लिहिणारी पोरगी मान वर करून तिच्याकडेच बघायची. आमच्या मंडळीच्या अर्पणाचा हिशोब मात्र तोपर्यंत एकाच वडीलधाऱ्यांच्या खिशात असायचा. व्हरांड्यातल्या पेटीला तीन कुलपं आणि देवाच्या पैशाला एकही नाही, हे बोलून दाखवलं ते एका तरुण पोराने, भर बैठकीत. सन्नाटा पसरला. दोन महिन्यांनी अर्पणाच्या पेटीलाही तीन कुलपं लागली. हा बदल आमच्या एकाही उपदेशाने झालेला नाही, आणि त्या वडीलधाऱ्यांनी मला पुढचं वर्षभर नमस्काराचं उत्तर दिलं नाही तेही सांगून ठेवते.

पेटी वाटायची कधी, यावर वाद होतो. बहुतेक गट डिसेंबरात वाटतात आणि पैसा नाताळात जातो. काही गटांनी ऑक्टोबरच्या शेवटी वाटायला सुरुवात केली, म्हणजे खत-बियाणं वेळेवर येतं आणि गान्यूला जायची पाळी थोडी पुढे ढकलली जाते. तुम्हाला एकच गोष्ट सुचवायची झाली तर ही सुचवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

शास्त्रातलं काय शिकवावं? इथून जाणारा जो तो नहेम्याची भिंत, म्हणजे बायबलमधली यरुशलेमची भिंत पुन्हा बांधल्याची गोष्ट, बरोबर घेऊन जातो. नहेम्या चांगलाच आहे, पण तिथल्या वडीलमंडळींनी ती भिंत इतक्यांदा बांधलीय की डोळे मिटून सांगतील. मी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय घेते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा डावलल्या जातात, कुरकुर सुरू होते, आणि मंडळी सात माणसं निवडते. एवढंच वाचायचं. मग लगेच समजावून सांगायचं नाही. गप्प बसायचं, हे पाळकांना फार जड जातं. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, “आमच्याकडे खताची यादी अशीच होते.” सरकारच्या अनुदानित खताच्या यादीत कोणाचं नाव, कोणाचं नाही, हा त्या गावांतला सगळ्यात दुखरा प्रश्न. एकदा ते तोंडातून बाहेर पडलं की पुढचे दोन तास तुम्ही पाणी पीत बसलात तरी चालतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाऊलो फ्रेरी यांच्या विचारातून आलेली ही पद्धत आफ्रिकेतल्या चर्चच्या कामात चांगली रुजलेली आहे. लोकांच्याच आयुष्यातला प्रसंग समोर ठेवायचा आणि उत्तर देण्याची घाई करायची नाही.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. दक्षिण मलावीत हजाराहून अधिक माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली, फालोम्बेत डोंगराचे कडे घरांवर आले. मदत आली तेव्हा पुन्हा याद्या. आमच्या एका प्रार्थनाघरात वडीलमंडळींनी यादी रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवली. एकाने आपल्या बहिणीचं नाव घुसवलं होतं, तिचं घर शाबूत होतं. बायकांनी तिथल्या तिथे ते काढायला लावलं. शेजारच्या दोन प्रार्थनाघरांत यादी वाचली गेली नाही, आणि तिथली भांडणं मी तिथून परत आले तेव्हाही चालू होती. म्हणजे आमच्या कामाचा हिशोब तीनात एक असा धरा.

अजून एक विषय तुम्ही नेलाच पाहिजे असा, आणि तो कोणत्याही ख्रिस्ती नेतृत्वाच्या पुस्तकात नाही. तूर. तिथे तिला नांदोलो म्हणतात आणि दक्षिणेत मक्याच्या ओळींमध्ये लावतात. त्यातली बरीचशी आपल्याकडे येते. २०१७ मध्ये आपल्याकडे तूर उदंड झाली, खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, भाव कोसळले, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. लातूर-सोलापूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रास्तच होतं. फालोम्बेच्या बाजारात त्याच हंगामात नांदोलोला कोणी विचारेना. बायका पोती उचलून घरी परत नेत होत्या आणि मला विचारत होत्या, “तुमच्या देशाचं आमच्याशी काय बिनसलं?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला, पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर मलावीतून घ्यायचा. तुमच्या मंडळीत तूर पिकवणारे लोक असतीलच. त्यातला एक सहा जणांत घ्या, भले त्याला इंग्रजी न का येईना. शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल तो आणि तिथली बाई हातवारे करून जे बोलतील ते तुमच्या पाच दिवसांतलं सगळ्यात मोलाचं बोलणं असेल.

राजकारणावर बोलावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथे गेल्यावर विषय निघेल. मलावीत चर्चने राजकारणाला हात लावलेला आहे आणि तो चांगल्यासाठीही. ८ मार्च १९९२ ला कॅथलिक बिशपांचं पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं, हेस्टिंग्ज बांडांच्या एकपक्षीय राजवटीविरुद्ध उघडपणे बोललेला तो पहिला मोठा आवाज. पुढच्या वर्षी सार्वमत, १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक. बांडा स्वतः चर्चमध्ये वडील होते, हे विसरू नका. पुढे असेंब्लीज ऑफ गॉडचे प्रमुख राहिलेले लाझरस चक्वेरा २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये हरले. मका महागला होता, पेट्रोलच्या रांगा होत्या, परकीय चलन नव्हतं. लोकांनी प्रार्थनाही केली आणि मतही बदललं. पाहुण्याने यात ऐकून घ्यावं.

पाहुण्यावरून आठवलं. चिचेवात म्हण आहे, पाहुणा येतो तो धारदार पातं घेऊन येतो. म्हणजे घरच्यांना न सुटलेली गाठ बाहेरचा कापू शकतो. तुमच्या स्वागताच्या भाषणात ती कोणीतरी नक्की म्हणणार. खूश होण्याआधी दुसरी म्हणही ऐका : एका डोक्यावर छप्पर उचलत नाही. तिथे गवताचं छप्पर जमिनीवर विणतात आणि मग दहा-बारा जण मिळून, खाली शिरून, डोक्यावर घेऊन भिंतींवर ठेवतात. मी एकदा त्यात शिरले होते. आत काही दिसत नाही, नाकातोंडात गवत जातं, आणि बाहेर उभी असलेली एक म्हातारी ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत असते.

तर थोडक्यात बेत असा करा. जूनमध्ये दोघांनी जा, सहांनी नाही. एका अबुसांच्या हद्दीतली तीनच प्रार्थनाघरं घ्या. प्रत्येक प्रार्थनाघरातून दोन वडील, दोन म्वानोच्या बायका, एक तरुण पोरगं, आणि गावच्या म्फुमुला, म्हणजे गावप्रमुखाला, पहिल्याच दिवशी भेटा. दारात उभं राहून आधी ‘ओदी’ म्हणायचं, आतून ‘ओदीनी’ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रोज अर्धाच दिवस बसा. उरलेल्या वेळात ते जिथे नेतील तिथे जा. अबुसांना वर्गात विद्यार्थी म्हणून बसवू नका, त्यांचा पाणउतारा होतो. त्यांना रोज संध्याकाळी वेगळं भेटा आणि दिवसभरात काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐका. मयत झाली तर शिबिर बंद, सगळे तिकडे. पुढच्या जूनमध्ये तेच दोघं पुन्हा जा. तेच दोघं, नवे नकोत.

आणि प्रमाणपत्रं. न्या, जरूर न्या. तिथे प्रमाणपत्राला मान आहे, माणसं ते काचेच्या चौकटीत घालून वर्षानुवर्षं भिंतीवर ठेवतात, त्याची थट्टा करू नका. पण कोरी न्या. चिचेवात ‘ल’ आणि ‘र’ एकमेकांच्या जागी सहज येतात, त्यामुळे यादीवरून छापलेली नावं हमखास चुकतात, आणि चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र म्हणजे न दिल्यासारखंच. समोर बसवून, विचारून, हाताने लिहा. तारीखही कोरी ठेवा. आम्ही ती शिबिराच्या शेवटी न देता वर्षाने, पेटी वाटायच्या दिवशी दिली, ज्या-ज्या जणी वर्षभर टिकल्या त्यांना. खाली घेणाऱ्याच्या सहीची रेघ असू द्या आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड बरोबर ठेवा. आम्ही तो विसरलो होतो. आमायीने हंड्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली, कागदावर दाबला, आणि उजव्या हातातली चावी डाव्या हातात घेऊन पेटी उघडायला बसली.